टाकीची वही

मी जन्मात मासा खाल्लेला नाही. आमच्या घरात अंडंसुद्धा शिजत नाही, आणि शेजारच्या ब्लॉकमधून बोंबलाचा वास आला की माझे यजमान न बोलता उठून खिडक्या लावून घेतात. तरीही अंधेरीतल्या एका मराठी शाळेत मी कित्येक वर्षं नववीच्या मुलांना मत्स्यशेती शिकवली. पुस्तकात दीड पानच होतं. मी ते वाचून दाखवायची, फळ्यावर चार फायदे लिहून द्यायची, मुलं ते उतरवून घ्यायची. परीक्षेत प्रश्न आला तर चारांपैकी साडेतीन गुण मिळायचे. अर्धा मी शुद्धलेखनाचा कापायची. एकंदरीत सगळं व्यवस्थित चाललं होतं.

मग एका वर्षी तिसऱ्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, तुम्ही मासा कधी हातात धरलाय?"

वर्ग खो खो हसला. मला राग पटकन येतो, आणि मुलांनी हसलेलं तर अजिबात खपत नाही. "बस खाली," मी म्हणाले, "आगाऊपणा नको." ती बसली. पण तिच्या चेहऱ्यावर आगाऊपणा नव्हता, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. ती वर्सोव्याकडच्या कोळीवाड्यातून यायची. तिची आई स्टेशनजवळच्या बाजारात मासळी विकायची. वडील पूर्वी बोटीवर असत, पण बोट परवडेना म्हणून ती विकली आणि ते आता कुठल्याशा सोसायटीत वॉचमन होते. हे मला नंतर कळलं. त्या दिवशी मी फक्त घरी गेले आणि भाजी चिरता चिरता स्वतःवरच चिडले. पोरगी बरोबर विचारत होती.

दुसऱ्या दिवशी ती कागदात गुंडाळून एक पापलेट घेऊन आली. माझ्या तळहातात मावेल एवढंच. मधल्या सुट्टीत तिने ते प्रयोगशाळेच्या टेबलावर ठेवलं आणि म्हणाली, "बाई, हे बाळ आहे. आई म्हणते आता मोठं मिळतच नाही. जाळ्यात येईल ते उचलायचं."

मी ते उचललं. गार होतं, आणि मला वाटलं होतं तसा वास येत नव्हता. मी चाळिशी कधीच ओलांडली होती आणि आयुष्यात पहिल्यांदा मासा हातात घेतला होता. त्या तासाला मी पुस्तक उघडलं नाही. समुद्र म्हणजे काही आपल्या बापाचा फ्रीज नव्हे, हवं तेव्हा दार उघडलं की भरलेलाच असणार, असं काहीतरी मी तावातावाने बोलले. मुलांना ते फार आवडलं. महिनाभर ती एकमेकांच्या डब्यातलं उचलताना हेच वाक्य म्हणत होती.

शाळेच्या मागे, संडासांच्या बाजूला, सिमेंटची एक जुनी पाण्याची टाकी होती. गच्चीवर प्लॅस्टिकची टाकी बसल्यापासून ती रिकामीच पडलेली. मुख्याध्यापकांच्या मागे लागून मी ती मागून घेतली. पालघरकडच्या एका तळेवाल्याने चिलापी माशाची पिल्लं दिली, प्राणवायू भरून फुगवलेल्या पिशव्यांमधून. मी त्या पिशव्या मांडीवर घेऊन स्टेशनपासून रिक्षाने शाळेत आले. रिक्षावाला आरशातून बघत होता. पिशव्या आधी तशाच टाकीत तरंगत ठेवायच्या, आतलं-बाहेरचं पाणी सारखं कोमट झालं की मगच तोंड सोडायचं, हे मी आदल्या रात्री वाचून पाठ केलं होतं. मुलांना मात्र असं सांगितलं, जणू लहानपणापासून हेच करत आले आहे.

तिला सोडून सगळ्यांना ते पटलं. ती गालात हसली.

मी तिला मत्स्यप्रमुख केलं. आमच्या शाळेत प्रत्येक गोष्टीला एक प्रमुख असतो: फळाप्रमुख, पाणीप्रमुख, चप्पलप्रमुखसुद्धा. हे पद मी थट्टेतच काढलं होतं. तिने मात्र ते मनावर घेतलं. टाकीवर चिकटवायला तिने एक तक्ता केला, वर रंगीत अक्षरांत पद, खाली तिचं नाव, भोवती मासे काढलेले.

आणि एक वही केली. वही माझी कल्पना. दोनशे पानी, लांब, रेघांची. रोज लिहायचं: खाद्य किती टाकलं, पाणी कसं आहे, मासे कसे आहेत. शेवटचा रकाना 'काय चुकलं, कोणाचं'. यावर माझा फार कटाक्ष होता. चूक झाली तर झाली, पण ती लिहायची, आणि नावासकट लिहायची. "जे वहीत आहे तेच खरं," मी त्यांना सांगायची. "तोंडाने कोणी काहीही बोलतं." दर शनिवारी वही माझ्या टेबलावर यायची. मी लाल शाईने 'तपासले' लिहून सही करायची.

मुलांनी तो रकाना प्रामाणिकपणे भरला. खाद्य जास्त पडलं, चूक अमक्याची. टाकीत बॉल गेला, चूक तमक्याची. एकदा तिने लिहिलं होतं, 'काल बाईंनी टाकीत हात घालताना हाताचा साबण धुतला नव्हता. चूक बाईंची.' मी कपाळाला हात लावला आणि सही केली.

त्या वर्षात मी जे शिकवलं ते खरं शिकवलं, असं मला वाटतं. पाणी हळूहळू हिरवं झालं तेव्हा मुलं नाकं मुरडू लागली. मी त्यांना सांगितलं, हिरवं म्हणजे घाण नाही; हिरवं म्हणजे माशांसाठी वाढलेलं ताट. ते पाणी एकदम सगळं कधी बदलायचं नाही, थोडं थोडं काढायचं. काढलेलं पाणी रंगाच्या जुन्या बादल्यांत लावलेल्या माठाला आणि पालकाला घालायचं. आणि नळाचं पाणी थेट टाकीत कधीही सोडायचं नाही, कारण त्यात क्लोरीन असतं. ते आपल्याला चालतं, माशांना नाही. दोन निळे ड्रम आणले. त्यांत नळाचं पाणी भरून दोन दिवस उन्हात उघडं ठेवायचं, मग टाकीत घालायचं. एक-दोनदा मी तो माठ घरी नेला. यजमानांनी मिटक्या मारत खाल्ला. तो कुठल्या पाण्यावर वाढला हे मी त्यांना अजून सांगितलेलं नाही.

एकदा तिची आई शाळेत आली. मोठा आवाज, कपाळावर ठसठशीत कुंकू. मला वाटलं भांडायला आली.

"बाई, पोर येडी झालीय तुमच्या टाकीपायी. रविवारी पण इकडंच येऊन बसते. दहावीनंतर म्हणे मासळीचंच शिकणार. कॉलेजात असतं म्हणे तसं काहीतरी."

"असतं ना. अकरावीपासून असतं."

"माझं आयुष्य गेलं ना मासळीत. अंगाचा वास जात नाही, बसमध्ये लोकं तोंड फिरवतात. हिला मी शिकवते कशाला? एसीत बसंल म्हणून ना?"

मी काही बोलायच्या आत मुलीने आईचा हात धरून तिला टाकीकडे नेलं. मूठभर खाद्य टाकलं. चिलापी आता बोटापेक्षा लांब झाल्या होत्या. त्या एकदम वर आल्या, पाणी खळबळलं. आई वाकली आणि बांगड्यांसकट हात कोपरापर्यंत पाण्यात घातला. बराच वेळ तशीच राहिली.

"जिता मासा मी कधी असा हातात नाही धरला गो," ती मुलीला म्हणाली. "आमच्याकडं येतो तो मेलेलाच."

जाताना मला म्हणाली, "ते प्रदर्शन का काय आहे ना तुमचं, त्यात हिचं नाव येऊ दे. मंग बघू. मंग मी नाही म्हणणार नाही."

प्रदर्शन म्हणजे वॉर्डातल्या सगळ्या शाळांचं विज्ञान प्रदर्शन. शाळेतून एकच प्रकल्प जायचा. तो ठरवायला आणि एरवीच्या तपासणीलाही शिक्षण खात्याचे एक अधिकारी येणार होते. मुलीने तयारी अशी केली की बोर्डाच्या परीक्षेला कोणी करत नाही. मासे मोजले, मापले, वाढीचा आलेख काढला. तिचं पुढचं सगळं त्या टाकीवर अवलंबून होतं. हे तिला माहीत होतं, मलाही माहीत होतं.

साहेब यायचे म्हणजे आमच्या शाळेत काय होतं ते शाळेत नोकरी केलेल्यांना सांगायला नको. आठ दिवस आधीपासून जो तो हातात फडकं घेऊन फिरतो. भिंतींवरचे पानाचे डाग घासले जातात, कुंड्यांना गेरू लागतो, कोरड्या पडलेल्या नळांना पाणी येतं. आदल्या दिवशी दुपारी मुख्याध्यापक मागच्या बाजूला आले आणि टाकीत डोकावले.

"बाई, हे काय डबकं आहे? उद्या साहेब म्हणतील, शाळेत डास पाळलेत. डेंग्यूची नोटीस लागेल. स्वच्छ करून घ्या हे."

मी त्यांना सांगू शकले असते. वर्षभर चाळीस पोरांना जे सांगत होते तेच दोन वाक्यांत सांगायचं होतं. पण त्या दिवशी सकाळपासून मी तक्ते लावत होते, रजिस्टरं पुरी करत होते, पाय दुखत होते. साहेबांच्या पुढे ते हिरवं पाणी मलाही क्षणभर घाणच दिसलं. "हो सर, करून घेते," मी म्हणाले.

मुलांनी मासे जाळीने काढून जुन्या पाण्यासकट दोन ड्रमांत ठेवले. टाकी रिकामी केली. शेवाळ निघेना, तेव्हा प्रयोगशाळेच्या कपाटातून ब्लीचिंग पावडरचं पाकीट मीच काढून शिपाईमामांना दिलं. त्यांनी संडास घासतात तशी टाकी घासली. पांढरीशुभ्र झाली. मग मी तिला म्हणाले, "सोड नळ."

ती नळाला हात लावून उभी राहिली. "बाई, दोन दिवस ठेवायचं असतं ना पाणी?"

"साहेब उद्या येणार आहेत. परवा नाही."

"मग आजची रात्र मासे ड्रममध्येच राहू देऊ का? साहेब आल्यावर आपण सांगू ना त्यांना."

"साहेबांना काय ड्रम दाखवायचेत? आणि मला शिकवू नकोस. सोड नळ."

तिने नळ सोडला. टाकी भरली. तिने एकेक मासा ओंजळीने आत सोडला. पाणी इतकं नितळ होतं की तळाचा सिमेंटचा जोड दिसत होता. मुख्याध्यापक येऊन म्हणाले, "आता कसं छान दिसतंय!" मलाही छान वाटलं. हे मला आजही स्वतःला सांगवत नाही, पण वाटलं.

सकाळी मी पोचले तेव्हा ती आधीच आली होती. गणवेशाच्या बाह्या वर करून ती टाकीतून मासे काढत होती. सगळे उलटे, पोटं वर. एकही जिवंत नव्हता. बादली भरली होती, दुसरी आणावी लागली. ती रडत नव्हती. मला बघून म्हणाली, "बाई, साहेब यायच्या आत काढते."

तेवढा वेळ मिळाला नाही. साहेब लवकर आले. मुख्याध्यापक त्यांना आधी मागच्याच बाजूला घेऊन आले, कारण कौतुकाने दाखवण्यासारखं आमच्याकडे तेवढंच होतं. साहेबांनी बादल्या बघितल्या. मुख्याध्यापकांचा चेहरा उतरला.

"हे काय? टाकीची जबाबदारी कोणाची?"

मी तिथेच होते. त्यांच्यापासून दोन हातांवर. हातात हजेरीपत्रक होतं. मी तोंड उघडलं असतं तर काय झालं असतं? नोकरी जाणार नव्हती. पगार कापला जाणार नव्हता. फार तर साहेबांनी भुवया उंचावल्या असत्या, स्टाफरूममध्ये चार दिवस कुजबुज झाली असती. एवढंच. चारचौघांत 'माझं चुकलं' म्हणायचं होतं, जे मी पोरांकडून रोज लिहून घेत होते.

साहेब तक्त्यावरचं नाव वाचत होते. "मत्स्यप्रमुख कोण?"

"मी," ती म्हणाली. आणि माझ्याकडे बघितलं.

त्या बघण्यात तक्रार नव्हती. ती वाट बघत होती. मी खाली हजेरीपत्रकाकडे बघितलं.

साहेब माणूस वाईट नव्हता. ओरडले नाहीत. तिच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "बाळ, जिवंत गोष्टीची जबाबदारी घेतली की ती निभवावी लागते." आणि पुढे गेले. त्यांनी ओरडायला हवं होतं. ओरडले असते तर कदाचित मी मधे पडले असते.

प्रदर्शनाला आठवीच्या मुलांचा ज्वालामुखी गेला. व्हिनेगर आणि खाण्याचा सोडा.

दोन दिवसांनी तिची आई आली. तिचा आवाज त्या दिवशी मोठा नव्हता. "बाई, पोर जेवत नाही. जाऊ दे, मी तिला सांगितलं, मेलेली मासळी मी रोज बघते. त्यासाठी शाळा कशाला?" एवढं बोलून ती गेली. मी तिला जिन्यापर्यंत सोडायलाही गेले नाही. सांगायचं म्हणून ठरवलेलं वाक्य तोंडातच राहिलं.

मुलगी दहावी झाली, चांगल्या मार्कांनी झाली. निरोप समारंभात तिने मला वाकून नमस्कार केला. मग कॉमर्सला गेल्याचं कानावर आलं. टाकी कोरडीच राहिली. पुढच्या वर्षांत मी पुन्हा पुस्तकातलं दीड पान वाचू लागले आणि फळ्यावर चार फायदे लिहून देऊ लागले.

यंदाच्या गणपतीनंतर स्टेशनजवळून जाताना मी पहिल्यांदा त्या मच्छी बाजारात शिरले. नाकाला पदर न लावता शिरले. तिची आई ओट्यावर बसली होती, मला बघून ओरडलीच.

"बाई! तुम्ही इकडं? वाट चुकलात काय?"

मुलीचं कसं चाललंय, मी विचारलं. ती खुशीत होती. मुलगी मरोळला एका ऑफिसात लागली होती. "एसी आहे. कायम एसी. येताना स्वेटर घालून येते गो बाई, या उकाड्यात!" मग कोयती बाजूला ठेवून हसत म्हणाली, "पण एक गंमत सांगते. तुमच्या नादानं ती तुमच्यासारखीच झाली. मासळी खात नाही. त्या टाकीचं झालं ना, तेव्हापासनं एक तुकडा खाल्ला नाही. घरात शिजली तर ताट घेऊन बाहेर बसते. कोळ्याची पोर, सांगा! लोकं हसतात आम्हाला."

मला हसू आलं नाही. मी ओट्याच्या कडेला हात टेकला आणि सांगून टाकलं. पावडर मी दिली. नळ मी सोडायला लावला. ती नको म्हणत होती. साहेबांसमोर मी गप्प बसले. आजूबाजूला गिऱ्हाइकं होती, कोणी सुरमईचा भाव करत होतं. आईने ऐकून घेतलं. तिच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं, पण ती भांडली नाही. पदराला हात पुसून तिने मोबाइल काढला, नंबर लावला आणि माझ्या हातात दिला.

"मला सांगून काय? तिला सांगा."

"बाई! कशा आहात?" तोच आवाज. मी एका दमात सगळं बोलले. इतकी वर्षं घोकलेलं होतं, अडखळले नाही.

ती समजूत काढल्यासारखी म्हणाली, "नाही हो बाई. नळ मीच सोडला होता. मला माहीत होतं ना, तरी सोडला. तुम्ही कशाला वाईट वाटून घेता?"

"अगं, पण मी सांगितलं म्हणून..."

"वहीत आहे ना बाई. तुम्ही सही पण केली होती. चला, ब्रेक संपला. आईला सांगा, आज उशीर होईल."

मी सही केली होती? मला काही आठवेना. रिक्षा करून शाळेत गेले. प्रयोगशाळेचं कपाट उघडलं, खालच्या कप्प्यात जुन्या जर्नलांखाली ती वही होती. लिहिलेलं शेवटचं पान काढलं. खाद्य: नाही. पाणी: स्वच्छ. मासे: सगळे गेले. शेवटच्या रकान्यात तिने आधी 'बाईंनी' एवढा एक शब्द लिहिला होता आणि तो खोडला होता. पुढे नीट अक्षरात लिहिलं होतं, 'नळाचं पाणी थेट सोडलं. चूक मत्स्यप्रमुखाची.' त्यापुढे तिचं पूर्ण नाव.

तो शनिवार असणार. वही नेहमीसारखी माझ्या टेबलावर आली असणार, आणि मी ते पान या वेळी न वाचताच उरकलं असणार. खाली लाल शाईत माझी सही होती आणि वर लिहिलं होतं, 'तपासले.'